बोनेट उघडून : टिकटिक टॅपेटची की मॅनिफोल्डची?

या वेळच्या टपालात मॅनिफोल्डबद्दल, म्हणजे इंजिनात हवा आणणाऱ्या आणि धूर बाहेर नेणाऱ्या फाट्यांबद्दल, पाच पत्रं आहेत. एरवी वर्षभरात एखादं येतं. त्यामुळे ब्रेक आणि बॅटरीवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत थांबावं. मला मात्र बरं वाटलं. 1989 साली वागळे इस्टेटमधल्या एका मशीन शॉपमध्ये कामाला लागलो, तेव्हा पहिली दोन वर्षं मी फक्त हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि मॅनिफोल्डला फेसिंग मारत होतो, म्हणजे त्यांची तोंडं मशीनवर सपाट करत होतो. खारीगावात स्वतःचं गॅरेज टाकलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

प्रश्न : काका, मी कासारवडवलीला राहते, नोकरी ठाणे स्टेशनजवळ. माझी पेट्रोल हॅचबॅक 11 वर्षांची आहे. सकाळी सुरू केली की बोनेटमधून टिक-टिक आवाज येतो, ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो. मानपाडा येईपर्यंत आवाज गायब! गॅरेजवाल्याने टॅपेट सेटिंग करून 1,800 रुपये घेतले, फरक शून्य. आता म्हणतो, हेड खोलावं लागेल, 28,000 लागतील. शिवाय सिग्नलला उभी असताना एसीतून धुराचा वास येतो. काय करू? — बँक कर्मचारी, कासारवडवली

ताई, हेड अजिबात खोलू देऊ नका. निदान आधी पुढचं वाचा.

थंड इंजिनात टिकटिक, गरम झाल्यावर शांत आणि वर धुराचा वास, हे तीन एकत्र आले की माझी पहिली शंका एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर जाते. प्रत्येक सिलिंडरमधून जळलेला वायू ज्या लोखंडी फाट्यांतून सायलेन्सरकडे जातो तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. तो हेडला जिथे नटांनी आवळलेला असतो, तिथे दोन धातूंच्या मध्ये गळती रोखणारं पातळ गॅस्केट असतं. ते एका कोपऱ्यात जळालं की प्रत्येक स्फोटानंतर वायूची बारीक पिचकारी बाहेर उडते. तीच तुमची टिकटिक. तापल्यावर लोखंड फुगतं, फट बुजते, आवाज थांबतो. म्हणजे तुम्ही मानपाड्याला पोचता तेव्हा गाडी बरी झालेली नसते, फक्त फुगलेली असते.

टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा, आवाज बराचसा असाच असतो, म्हणून तुमच्या गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. पण फरक करता येतो. टॅपेटचा आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो, गाडीवर भार असो वा नसो. मॅनिफोल्डची गळती भार पडला की जास्त ओरडते. सकाळी थंड गाडी सोसायटीच्या रॅम्पवरून वर काढताना कान द्या. तिथे आवाज एकदम मोठा झाला, तर टॅपेट सोडून द्या.

दुसरी परीक्षा गॅरेजमध्ये, समोर उभं राहून करून घ्या. इंजिन रात्रभर थंड राहिलेलं हवं आणि जागा उघडी. गाडी सुरू केल्याबरोबर एकाने जाड ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद अर्धवट धरायचं. वायूला मागून वाट मिळाली नाही की तो फटीतून जोरात येतो आणि टिकटिक वाढते. दुसऱ्याने हातभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं मॅनिफोल्डच्या सांध्यावरून फिरवायचं. कुठला सिलिंडर गळतोय ते सुद्धा कळतं. नळी फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवायची. त्यानंतर मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं झाकण काढून बघितलं की गळतीच्या जागी हेडवर काजळीचा काळा फटकारा दिसतो. तो दिसला की निकाल लागला.

धुराच्या वासाबद्दल मात्र कडक बोलतो. केबिनमध्ये येणारी बाहेरची हवा पुढच्या काचेच्या खालून, म्हणजे बोनेटच्या मागच्या कडेजवळून आत येते. मॅनिफोल्ड गळत असेल तर तोच धूर आत जातो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःचा रंग नाही, वास नाही. तुम्हाला येतो तो बाकीच्या वायूंचा वास, आणि तो येतो हे तुमचं नशीब. काम होईपर्यंत घोडबंदर रोडच्या कोंडीत काचा खाली ठेवा, बेसमेंट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. डोकं दुखायला किंवा गरगरायला लागलं तर गाडी बाजूला घेऊन बाहेर पडा.

आता गॅस्केट गेलं का? इथे बहुतेक जण घाई करतात. नवं घालतात आणि आठ महिन्यांनी परत येतात. गॅस्केट आपणहून क्वचित मरतं. लोखंडी मॅनिफोल्ड समजा 35 सेंटिमीटर लांब आहे. चालत्या गाडीत तो 500 अंशांनी तापला तर जवळजवळ 2 मिलिमीटर लांब होतो. त्याला चिकटलेलं ॲल्युमिनियमचं हेड खरं तर लोखंडाच्या दुप्पट वाढणाऱ्या धातूचं, पण त्यातून पाणी फिरतं, म्हणून ते 80 अंशांच्या आसपासच तापतं आणि 0.6 मिलिमीटरच वाढतं. म्हणजे दर फेरीला मॅनिफोल्ड हेडवर मिलिमीटरभर घसरतो आणि परत येतो. गॅस्केट हे घसरणं सोसण्यासाठीच असतं. मधल्या भागात हालचाल नगण्य, टोकांना सगळ्यात जास्त. म्हणूनच पहिल्या किंवा शेवटच्या सिलिंडरचा स्टड (ज्यावर नट आवळतात तो आट्यांचा दांडा) आधी तुटतो, गॅस्केटही तिथेच जळतं.

त्यात सायलेन्सरचं रबरी हँगर तुटलेलं असेल तर अख्ख्या पाइपचं वजन मॅनिफोल्डच्या स्टडवर येतं. इंजिनाचं माउंटिंग बसलेलं असेल तर गिअर टाकताना इंजिन डुलतं आणि पाइपला हिसके बसतात. घोडबंदरचे खड्डे आणि तुमच्या संकुलातले स्पीडब्रेकर उरलेलं काम करतात. तेव्हा गॅरेजवाल्याला तीन गोष्टी सांगा : हँगर आणि माउंटिंग बघ, स्टड सगळे आहेत का ते मोज, मॅनिफोल्डचं तोंड सपाट आहे का ते पट्टी लावून दाखव. गॅस्केट स्वतः काही शे रुपयांचं असतं. बाकी मजुरी, आणि स्टड तुटले तर ते काढण्याची वेगळी. तरीही 28,000 पासून तुम्ही पुष्कळ लांब राहाल.

प्रश्न : सर, दोन वर्षांपूर्वी गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं. आता आयडलिंग 1,300 आरपीएमच्या खाली येत नाही, कधी कधी मिसिंग मारते. चेक इंजिन लाइट लागला, स्कॅनरने पी 0171 कोड दाखवला. ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगतायत. बदलू का? — वाचक, ऐरोली

थांबा. पी 0171 चा अर्थ ‘मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी’ एवढाच आहे. सेन्सर खराब आहे असं तो कोड म्हणत नाही. सेन्सरने चोर दाखवला, म्हणून तुम्ही सेन्सरलाच पकडताय!

पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते. ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टच्या वाटेत बसून या हिशेबावर डोळा ठेवतो. इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या फाट्यांत, आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) बाहेरच्यापेक्षा बराच कमी दाब असतो, त्यामुळे तिथलं गॅस्केट कडक होऊन सुटलं की फटीतून हवा आत ओढली जाते. ॲक्सिलरेटरच्या झडपेला न विचारता आलेली हवा! मग कुठल्या गाडीत आयडलिंग चढतं, कुठल्यात मिसिंग येतं, कुठल्यात नुसता हा कोड लागतो. गाडी हवा कशी मोजते त्यावर ते ठरतं.

स्कॅनरवाल्याला फ्युएल ट्रिमचे आकडे दाखवायला सांगा. कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते त्यात दिसतं. आयडलिंगला ते अधिक 20 च्या घरात आणि 2,500 आरपीएमला उतरून 5 च्या आसपास आले, तर हवेची गळती. फट तेवढीच राहते, पण इंजिन भरपूर हवा घ्यायला लागलं की तिचा वाटा नगण्य होतो. उलट आरपीएम वाढल्यावर आकडा चढत गेला, तर इंधन कमी पडतंय : पंप, फिल्टर, इंजेक्टर बघायचे. ही तपासणी पेट्रोलवर एकदा आणि गॅसवर एकदा करा. दोन्हीकडे तेच आलं तर हवा, फक्त गॅसवर आलं तर किटचं ट्युनिंग किंवा रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग).

तुमच्या बाबतीत माझी नजर गॅस्केटच्याही आधी दुसऱ्या जागेवर आहे. बाहेरून सिक्वेन्शियल किट बसवताना इनटेक मॅनिफोल्डला प्रत्येक सिलिंडरसाठी भोक पाडून नोझल बसवतात. भोक तिरकं गेलं, आटे नीट पडले नाहीत किंवा लावलेला चिकट पदार्थ उन्हाने सुकला, की हवा तिथूनच आत जाते. मी असे मॅनिफोल्ड पाहिलेत ज्यांत नोझल बोटाने फिरत होती आणि मालकाने तोवर दोन सेन्सर बदलले होते.

शोधायची चांगली पद्धत म्हणजे स्मोक टेस्ट. बंद इंजिनाच्या इनटेकमध्ये मशीनने धूर सोडतात, तो जिथून निघेल ती फट. मशीन नसेल तर चालू इंजिनावर बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा सांध्यावर आणि नोझलभोवती मारा, वायरिंग आणि कॉइल सांभाळून. पाणी फट क्षणभर बुजवतं आणि इंजिनाचा सूर बदलतो. काही जण कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात. तापलेल्या मॅनिफोल्डशेजारी तो पेटतो, माझ्या गॅरेजमध्ये मी त्याला बंदी घातली आहे. गळती सापडली आणि सीएनजीच्या नळ्या सोडायची वेळ आली तर अधिकृत किटवाल्याकडेच जा. भरलेल्या टाकीत 200 बार दाब असतो, तिथे प्रयोग नकोत.

आणि एक. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. दोन पिचकाऱ्यांच्या मधल्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत जाते आणि सेन्सरला वाटतं मिश्रणातच हवा जास्त आहे. पीयूसीला लॅम्डाचा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा, आकडा बिघडतो त्यामागेही कधी कधी हेच असतं.

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांच्या जुन्या गाडीचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड गॅस्केट सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलायचं आहे. बाबा नको म्हणतात. — विद्यार्थी, कोपरखैरणे

बाबांना सांग, खारीगावच्या काकांनी हो म्हटलंय, पण अटींवर. गाडी दोन दिवस उभी ठेवायची तयारी हवी, आणि त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल हातात हवं.

आदल्या संध्याकाळी गाडी पूर्ण थंड झाल्यावर प्रत्येक नटावर गंज सोडवणारा स्प्रे मार, तासाभराने परत मार, रात्रभर राहू दे. सकाळी बॅटरीचा निगेटिव्ह काढ. खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, स्टँड लाव. स्टँड नसेल तर काम रद्द.

नट सोडताना सहा कोनांचा सॉकेट घे. बारा कोनांचा गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. पहिला जोर सोडण्याच्या दिशेने लावू नकोस. आधी किंचित आवळ, मग थोडा सोड, परत आवळ. गंजाची पकड अशी मोडते. नट सोडताना पाना स्प्रिंगसारखा लवचिक वाटायला लागला की थांब : नट फिरत नाही, स्टड पिळतोय. आणखी स्प्रे, आणखी वेळ. तरी तुटलाच तर घरी ड्रिल लावू नकोस. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये कडक स्टडला भोक पाडताना बिट हमखास बाजूला सरकतं, मग शंभराच्या कामाचे हजार होतात. ते मशीन शॉपचं काम.

मॅनिफोल्ड बाहेर आला की जुनं गॅस्केट फेकू नकोस, वाच. जिथे काळी रेघ आतल्या भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत गेलीय, तिथे गळती होती. रेघ एकाच टोकाला असेल तर मॅनिफोल्ड वाकला असण्याची शक्यता मोठी. चांगली स्टीलची पट्टी त्याच्या तोंडावर उभी, आडवी, तिरकी ठेव आणि खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) सरकवून बघ. बऱ्याच गाड्यांत 0.1 मिलिमीटरची मर्यादा असते, तुझी मॅन्युअलमध्ये बघ. त्यापुढे असेल तर तुर्भे किंवा रबाळेच्या एमआयडीसीत फेसिंग करून मिळेल. हेडचं तोंडही तसंच तपास. फक्त मॅनिफोल्ड तपासून थांबणारे पुष्कळ भेटतात.

साफसफाई प्लास्टिकच्या किंवा पितळी खरवडणीने. ग्राइंडरला खरखरीत चकती लावून ॲल्युमिनियम घासायचं नाही. तोंड खड्ड्याखड्ड्यांचं होतंच, वर चकतीची पूड इंजिनात गेली की बेअरिंग खाऊन टाकते. खरवडताना हेडच्या भोकांत फडकी कोंब आणि ती मोजून ठेव. हे मोजणं मी कसं शिकलो ते सांगतो. नवीन असताना एका टॅक्सीच्या इनटेकमध्ये मी फडक्याचा तुकडा विसरलो. गाडी सुरू झाली, दोनदा खोकली, बंद पडली. व्हॉल्व्हखाली अडकलेलं ते पिवळं फडकं उस्तादांनी चिमट्याने ओढून काढलं आणि टॅक्सीवाल्यासमोर माझ्या खांद्यावर वाळत घातलं. दिवसभर तसंच काम करायला लावलं. आजही माझ्याकडची पोरं फडकी आत घालताना मोठ्याने आकडे म्हणतात.

नवं गॅस्केट कोरडं बसवायचं. एक्झॉस्टला सिलिकॉनची पेस्ट लावायची नाही. त्या उष्णतेला ती टिकत नाही आणि तिची वाफ ऑक्सिजन सेन्सर निकामी करते. थरांच्या स्टीलचं गॅस्केट एकदाच वापरायचं, दाबून त्याच्या उंचवट्यांचा जीव गेलेला असतो. नटही नवे घे.

आवळताना मधल्या नटापासून सुरुवात आणि आलटून पालटून बाहेरच्या टोकांकडे. कासारवडवलीच्या ताईंना सांगितलेलं घसरण्याचं गणित इथेही लागू : मधला भाग पक्का, टोकं मोकळी. टोकांपासून आवळलं तर मधला फुगवटा अडकून राहतो. तीन टप्प्यांत आवळ : आधी हाताने, मग अर्ध्या टॉर्कवर (आवळायच्या ठरलेल्या जोरावर), मग पूर्ण. छोट्या गाड्यांच्या 8 मिलिमीटरच्या स्टडला साधारण 20 ते 30 न्यूटन-मीटरच्या दरम्यान आकडा असतो, नेमका मॅन्युअलमधला घे. टॉर्क रेंच नसेल तर कॉलेजच्या वर्कशॉपमधून परवानगीने आण. ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्यांनी तोडलेले स्टड माझ्याकडे डबाभर आहेत, त्यातले चार-पाच माझेच.

पहिल्यांदा सुरू करशील तेव्हा धूर निघेल. घाबरू नकोस, रात्री मारलेला स्प्रे जळतोय. पाच-दहा मिनिटांत थांबायला हवा. तो धूर उघड्यावर जाऊ दे, पार्किंगच्या कोपऱ्यात नको.

प्रश्न : मेकॅनिक म्हणाला ‘गॅस्केट गेलंय, पाणी कमी होतंय’. हे मॅनिफोल्डचं की हेडचं? — वाचक, कळवा

हे मेकॅनिकला तिथेच विचारायला हवं होतंत. हेड गॅस्केट हेड आणि ब्लॉकच्या (सिलिंडर असलेल्या खालच्या भागाच्या) मध्ये असतं, ते गेलं की पाणी कमी होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, इंजिन तापतं. त्याचं काम मोठं. मॅनिफोल्डच्या गॅस्केटचा पाण्याशी सहसा संबंध नसतो. पण कार्ब्युरेटरच्या काही जुन्या गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डमधून गरम पाणी फिरवलेलं असायचं. तिथे इनटेकचं गॅस्केट सुटलं तरी पाणी जातं. गाडी कुठली ते लिहायला विसरलात. रेडिएटरला प्रेशर टेस्ट करून घ्या, तोवर तापमानाच्या काट्याकडे बघत चालवा.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, रविवारी फेरी मारतो. मॅनिफोल्डचं गॅस्केट मिळत नाही. शीटमधून हाताने कापलेलं चालेल का? आणि जुनं काढताना काही काळजी? — निवृत्त शिक्षक, नौपाडा

गुरुजी, या पत्राने दिवस चांगला गेला. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्यांच्या मॅनिफोल्डवरच माझा हात बसला.

आधी काळजी. त्या काळच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. जुनं गॅस्केट कोरडं घासू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. पाणी शिंपडून ओलं करा, ओलंच खरवडा, चांगला मास्क लावा आणि तुकडे ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत बांधून टाका. आम्ही तरुणपणी ते फुंकून उडवायचो. आठवलं की अंगावर काटा येतो.

हाताने कापलेलं चालतं, शीट योग्य असली तर. एक्झॉस्टच्या बाजूला ॲस्बेस्टॉस नसलेली, मध्ये स्टीलची जाळी असलेली ग्राफाइटची शीट मागा. साधा ऑइल पेपर तिथे एका फेरीत जळेल. शीट मॅनिफोल्डच्या तोंडावर ठेवून गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके मारले की छाप उमटतो. पूर्वी आम्ही ठोकूनच कापायचो, पण स्टीलवाल्या शीटला नंतर कात्री लागते. स्टडची भोकं पंचने पाडा आणि मिलिमीटरभर मोठी ठेवा, घसरायला जागा हवी. वायूच्या भोकाची कड मात्र आत डोकावता कामा नये. डोकावली तर तोच भाग आधी जळतो.

अशा शीटचं गॅस्केट बसल्यावर थोडं दबतं, म्हणून पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि नट एकदा परत टॉर्कला तपासा. शीट सापडली नाही तर मॅनिफोल्डच उतरवून माझ्याकडे आणा. नुसतं जुनं गॅस्केट नमुना म्हणून पाठवू नका. ते दाबून पसरलेलं असतं, त्यावरून घेतलेलं माप चुकतं.